जहाजाच्या पाठीवरचं आडनाव

मी एका जहाजावर एका माणसाचं अर्धंच नाव लिहिलं, आणि उरलेलं लिहायला जागा नाही असं त्याच्या आईला तोंडावर सांगितलं.

जहाज खेळण्यातलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. जेवणाच्या टेबलावर मावेल एवढं. पण माणूस खरा होता, त्याची आई खरी होती, आणि जागाही करता आली असती. ती कशी करायची हे मला चार दिवस उशिरा सुचलं, आणि तेही बायकोशी भांडताना.

ते दिवस असे होते, की पुण्यात ज्याला दुसरं काही धड जमत नव्हतं त्यालाही संगणक कंपनीत घेत. मला घेतलं यावरून ओळखा. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक कोसळणार, अशी मोठी घबराट होती. ते कोसळू नयेत म्हणून अमेरिकेतल्या एका विमा कंपनीने आमच्या कंपनीकडून माणसं मागवली, त्यांत मीही गेलो. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन आकडी सालाचं चार आकडी साल करायचं, एवढंच काम. परत येताना बाकीच्यांनी कॅमेरे आणले, सुगंधी साबण आणले, नवे उच्चार आणले. मी रिमोटवर जहाज चालवायचा रेडिओ संच आणला.

"पुण्याला समुद्र नाही," बायको विमानतळावरच म्हणाली.

मला ते माहीत होतं. माझा समुद्र म्हणजे खडकवासला. शाळेची सहल तिथे जायची, तेव्हा पलीकडच्या सैनिकी अकादमीतली मुलं शिडाच्या होड्यांतून पाण्यावर तिरकी तिरकी होत जाताना दिसायची. मी काठावर गूळतुपाची पोळी खात बघायचो. तिथल्या तिथे ठरवलं की आपण नौदलात जायचं. पुढे चष्मा लागला. त्याच्याही पुढे लक्षात आलं की आपल्याला पोहता येत नाही. मग नौदलाने आणि मी एकमेकांचा नाद सोडला.

तर कोथरूडच्या आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी ही माझी गोदी झाली. वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून मी हलक्या लाकडाच्या पट्ट्या कापायचो, चिकटवायचो आणि बोटं चिकटली की बायकोला हाक मारायचो. मोटर आणायला बुधवार पेठेत गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "कशाला हवी?"

"युद्धनौकेला," मी जरा छाती काढून म्हणालो.

"युद्धनौकेच्या संपल्या. टेपरेकॉर्डरची आहे, देऊ?"

ती घेतली. जहाज तयार झालं, त्याला नौदलाचा करडा रंग दिला, आणि ते तरंगतं का बघायला पाणी हवं म्हणून सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत सोडलं. तरंगलं. मी झाकणातून डोकं घालून, स्वतःशीच आरोळ्या मारत, बराच वेळ त्याला टाकीभर फिरवलं. रंग नीट वाळला नव्हता ही गोष्ट मला मागाहून कळली. सोसायटीला माझ्याआधी कळली. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर सचिवांच्या वळणदार अक्षरात लागलं होतं: "गच्चीवरील टाकी पिण्याच्या पाण्यासाठी आहे. आरमारासाठी नाही."

पण फलक लागायच्या आधी, त्याच सकाळी, दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या ताई उभ्या. हातात तांब्याएवढा प्लास्टिकचा मग.

ताई सरकारी कचेरीत अधिकारी होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, आणि बोलणं असं, की समोरच्याने आपण बसलोय की उभे आहोत हे तपासून बघावं. म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या. गणपतीची वर्गणी मागायला गेलं की सगळ्यांत आधी त्या द्यायच्या. आरतीला मात्र यायच्या नाहीत. "वर्गणी शेजाराची, आरती तुमची," असं एकदा म्हणाल्या होत्या. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि दोघांच्या खाली जरा लहान चौकटीत गोल टोपी घातलेला एक हसरा तरुण. मी तो पाहिला होता. कोण, हे विचारलं नव्हतं.

"हे तुमचं का?" त्यांनी मग पुढे केला. आत करडं पाणी.

"पाण्याला रंग आलाय खरा," मी म्हणालो.

"रंग आलाय ते मला दिसतंय. तुमचा का, ते विचारलं."

मी कबूल झालो. दुसरा इलाजच नव्हता, माझ्या कोपरापर्यंत तोच रंग होता. पुराव्यादाखल टेबलावरचं जहाजही दिसत होतं. ताई चपला काढून आत आल्या, वाकल्या, आणि आता आपली खैर नाही असं मी धरून चाललो असताना एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "बॉयलर कुठं असतो हो यात?"

मी मधल्या धुराड्याखाली बोट दाखवलं. "इथे, खाली. पाण्याच्या पातळीच्याही खाली."

त्या तिथे बघत राहिल्या. मग सरळ झाल्या. "नाव काय ठेवलंय?"

"अजून नाही ठेवलं." विषय रंगावरून हटतोय म्हटल्यावर मला चेव आला. "आपल्या नौदलात नद्यांची नावं देतात, शहरांची, डोंगरांची, शस्त्रांची..."

"माणसांची?"

"फार नाही. असली तरी मोठ्या माणसांची."

"म्हणजे केवढ्या?"

ताई खुर्चीत बसल्या आणि मग तो गोल टोपीवाला तरुण कोण ते मला कळलं. त्यांचा थोरला भाऊ. मॅट्रिक झाल्यावर नौदलात गेला, बॉयलरवर कामाला. एकाहत्तरच्या लढाईत जहाज समुद्रात असताना खाली आग लागली. हा वर आला होता. पुन्हा खाली गेला, दोघांना वर ढकललं, तिसऱ्यासाठी गेला तो आलाच नाही. जहाज वाचलं. शत्रूच्या गोळ्याने नव्हे, आगीने गेला. म्हणून तो अपघात धरला गेला. पदक नाही, चौक नाही, वस्तीतल्या बुद्धविहारात एक फोटो, तेवढाच.

हे सगळं त्यांनी कचेरीतल्या एखाद्या प्रकरणाची माहिती द्यावी तसं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "फोटोत त्याच्या टोपीच्या फितीवर जहाजाचं नाव आहे. माझी आई मला एकदा म्हणाली, टोपीवर जहाजाचं नाव हाय, मग जहाजावर टोपीवाल्याचं कुठं हाय? मी काय सांगणार?"

त्यांनी जहाजाकडे बोट केलं.

"ठेवा याच्यावर. खेळण्यातलं का होईना. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एका डोळ्याने अजून दिसतंय. साखर जास्त आहे म्हणून डॉक्टर ऑपरेशनला हात लावत नाहीत. पुढचं कुणी सांगावं? तोवर तिला एकदा वाचू दे."

"आई वाचतात?"

"तीन शब्द. भाऊ नौदलात गेल्यावर त्याचं पत्र आलं की वस्तीतलं कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. आपल्या मुलाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून आधी ऐकायचं, हे तिला खपेना. माझ्याकडून शिकली. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्याच्या पुढे काही शिकायची तिला गरज वाटली नाही."

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. वचन द्यायला मला कधीच वेळ लागत नाही. ताई उठल्या आणि हातातला मग टेबलावर ठेवला. "हे पाणी तेवढं ओतून द्या."

आता माझी हुशारी ऐका. नौदलाच्या जहाजाचं नाव त्याच्या पाठीवर, म्हणजे अगदी मागच्या उभ्या बाजूवर, देवनागरीत लिहितात. आपणही तिथेच लिहायचं. म्हातारीला एका डोळ्याने दिसायला हवं म्हणून अक्षरं मोठी हवीत. आमच्या ऑफिसात मराठी अक्षरं उमटवणारा एकच संगणक होता. तो वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पूजेचं निमंत्रण छापायला लागायचा. त्यावर मी भावाचं नाव भरलं आणि अक्षरं वाढवत गेलो. वाढवता वाढवता पहिल्याच शब्दाने जहाजाची पाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. छापलेला कागद कापून त्याचा साचा केला आणि पांढरा रंग भरला. काय दिसत होतं म्हणून सांगू! चार अक्षरं, ठसठशीत, खरीखुरी युद्धनौका.

वडिलांचं नाव आणि आडनाव बाहेर राहिलं हे मला दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं. पण मी स्वतःची समजूत घालण्यात फार वाकबगार. म्हटलं, मोठ्या माणसांना आडनाव लागतंच कुठे? नुसतं नावच किती रुबाबदार वाटतं! या विचाराने मला इतकं बरं वाटलं, की मी तो बायकोलाही ऐकवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ताईंना विचारलंस?"

"त्यांना आवडेल," मी म्हणालो.

रविवारी सकाळी मायलेकींना चहाला बोलावलं. आई जिना चढून आल्या. ठेंगणी, वाळकी मूर्ती, पांढरं स्वच्छ लुगडं, डोळ्यांवर जाड भिंगं. दाराबाहेर चपला काढताना त्यांनी पदर सारखा केला. मी जहाजाची पाठ त्यांच्याकडे फिरवून, बाजूला हात बांधून उभा. पुरस्कार घ्यायला निघाल्यासारखा.

आईंनी बोट ठेवलं. एकेक अक्षर, मोठ्याने. चारही अक्षरं लागली. त्यांनी ते नाव सबंध एकदा म्हटलं, हळू, घरात हाक मारतात तसं. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

मग आईंचं बोट पुढे सरकलं, आणि जहाज संपलं.

त्या टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या आणि वाकून तिथे शोधू लागल्या. "ह्या अंगाला आसंल." तिथे नव्हतं. पुढच्या टोकाला गेल्या. तिथूनही वाकून पाहिलं. मग उजव्या बाजूने, बोट लाकडावरून फिरवत फिरवत, पुन्हा पाठीपाशी आल्या.

"दादा, बाकीचं कुठं लिवलंय?"

आणि मी ते वाक्य बोललो. "आई, बाकीच्याला जागाच नाही उरली."

चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. ताईंचा.

"जागा नाही," त्या म्हणाल्या.

"तसं नाही ताई. अक्षरं मोठी घेतली ना, आईंसाठी. आणि मोठ्या माणसांना तसंही आडनाव..."

"अहो, ज्यांचं आडनाव कुणी विचारत नाही त्यांनी ते खुशाल गाळावं. आम्हाला सगळीकडे पहिल्यांदा तेच विचारलंय. शाळेत, नोकरीत, घर बघायला गेलं तिथे. या सोसायटीत आले तेव्हासुद्धा. तुम्ही होतात की समोर."

होतो. सोसायटीच्या कमिटीत होतो. ताई फ्लॅट बघायला आल्या तेव्हा सचिवांनी "आडनाव काय म्हणालात?" असं दोनदा विचारलं होतं. आडनाव कळल्यावर ते "बरं" म्हणाले, आणि मग पुन्हा "बरं" म्हणाले. त्या दोन 'बरं'च्या मधली शांतता मला स्वच्छ ऐकू आली होती. मी बिस्किट चहात बुडवलं होतं.

"तेव्हा सगळ्यांना हवं होतं आडनाव," ताई म्हणाल्या, "आणि आता एकदा आम्ही होऊन सांगतोय, तर मावत नाही."

आईंना आमच्या बोलण्यात रस नव्हता. त्या जहाजाकडे बघत होत्या. "ह्या नावाची शंभर पोरं आसतील," त्या मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाल्या. "माझा कंचा, ते कसं कळायचं?"

त्या गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "अक्षरं लहान करतो."

"आईंना दिसायला नकोत?"

"मग दोन ओळींत लिहितो."

"एवढीशी तर उंची. दोन ओळी कुठे घालणार?"

"मग काय जहाज रुंद करू?" मी ओरडलो.

चार दिवसांनी, हेच भांडण पुन्हा पहिल्यापासून चालू असताना, मी तेच वाक्य परत ओरडलो आणि माझं मलाच ते नीट ऐकू आलं.

जहाज रुंद केलं. आता जहाज मागून रुंद आणि उंच करणं म्हणजे काय, हे ज्याला जहाजातलं कळतं त्याने वाचू नये. करवतीने मागचा भाग कापला, आणि त्या जागी जुन्या बुकशेल्फची फळी बसवली. तीन ओळी मावतील एवढी. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत वडिलांचं नाव, तिसऱ्या ओळीत आडनाव, पाच अक्षरी, मधल्या जोडाक्षरासकट, आणि तिन्ही ओळींची अक्षरं सारख्याच मापाची. पुढून ती युद्धनौका होती. मागून ती शाळेचा फळा घेऊन निघाल्यासारखी दिसत होती.

हे एवढ्या घाईने का, तर पुढच्याच रविवारी स्पर्धा होती. छंदी लोकांची एक मंडळी दर हिवाळ्यात कोथरूडच्या एका पोहण्याच्या तलावावर जहाजांची स्पर्धा भरवायची. पाण्यात दोन रिकामे डबे तरंगत ठेवलेले. त्यांना वळसा घालून जहाज परत काठाला आणायचं. मी शनिवारी खाली गेलो आणि दारातूनच ताईंना म्हणालो, "उद्या आईंना घेऊन याल का? सगळं लिहिलंय."

"सगळं म्हणजे?"

"तीन ओळी."

ताईंनी माझ्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. दोन बोटांना पट्ट्या होत्या. "येतो," म्हणाल्या, आणि दार लावलं.

सकाळचं कोवळं ऊन, तलावाच्या निळ्या फरश्या, काठावर स्वेटर घातलेले बाप आणि त्यांच्या हातात एकाहून एक देखणी जहाजं. माझं जहाज पिशवीतून निघाल्यावर शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "हे मागे काय, सामानाला का?" मी आईंसाठी प्लास्टिकची खुर्ची काठाशी ठेवली. शाल पांघरून त्या बसल्या.

एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण मी कुठेतरी वाचलं होतं की नौदलाचं जहाज पाण्यात सोडताना ते बाईच्या हस्ते सोडतात, आणि नारळ फोडतात. मी घरून नारळ नेला होता. तो ताईंच्या पुढे धरला.

"आमच्यात नाही फोडत," ताई म्हणाल्या.

"मग मी फोडतो. रिवाज आहे."

"तुमचा रिवाज तुम्ही करा. पण जहाजावर नका फोडू."

आईंनी हात जोडून हलक्या आवाजात बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं, आणि पायाशी ठेवलेल्या जहाजाला वाकून हात लावला. शोभेलसा सोहळा तिथेच पूर्ण झाला होता. मी पुढच्या टोकाजवळ फरशीवर नारळ आपटला. तो फुटला. त्यातलं निम्मं पाणी मधल्या धुराड्यातून आत गेलं.

जहाज सुटलं. सरळ गेलं. मी पहिल्या डब्याला वळसा घ्यायला ते डावीकडे वळवलं, ते छान वळलं. मग सरळ करायला कळ ढकलली. ते वळतच राहिलं. कळ उजवीकडे नेली, वर नेली, रिमोट मांडीवर आपटला. नारळाच्या पाण्याने आतल्या यंत्राचं जे काही झालं होतं ते झालं होतं. जहाज डावीकडे गोल फिरत होतं, पाठ जड झाल्यामुळे नाक वर करून, आणि थांबायचं नाव घेत नव्हतं.

काठावर हशा पिकला. पोरंसोरं नव्हे, चांगले टक्कल पडलेले लोक हसत होते. मला तलावात उडी मारावीशी वाटली, पण पोहता येत नाही हे मी वर सांगितलंच आहे.

परीक्षक होते नौदलातले एक निवृत्त अधिकारी. पांढऱ्या मिशा, हातात कागद. ते चालत आले आणि डोळे बारीक करून फिरणाऱ्या जहाजाची पाठ वाचू लागले. पूर्ण वाचायला त्यांना दोन फेऱ्या लागल्या.

"या नावाचं जहाज आपल्या नौदलात नाही," ते मला म्हणाले.

"माहितीये," मागून ताई म्हणाल्या. "म्हणून तर करून घेतलं."

ते वळले. ताईंकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या आईंकडे. "कोण हे?"

"माझा भाऊ. बॉयलरवर होता. एकाहत्तरला."

त्यांनी खिशातून पेन काढलं, ते कागदाला टेकवलं, आणि काही न लिहिता पुन्हा खिशात ठेवलं. पुढचा स्पर्धक आपलं जहाज हातात धरून तक्रारीच्या सुरात म्हणाला, "सर, यांची वेळ संपली. काठीने ओढून घ्यायचं का?"

"राहू दे," ते म्हणाले. "सेल संपेल तेव्हा थांबेल."

आणि म्हणून ते फिरत राहिलं. प्रत्येक फेरीला पाठ खुर्चीसमोर आली की आई खुर्चीच्या कडेला सरकायच्या, हवेतच बोट धरायच्या आणि वाचायच्या. पहिल्या फेरीला नावच पुरं झालं, तेवढ्यात जहाज वळलं. दुसऱ्या फेरीला नाव आणि वडिलांचं नाव. तिसऱ्या का चौथ्या फेरीला त्या तिन्ही ओळी एका दमात म्हणाल्या, आडनावावर जरा जोर देऊन, हजेरी घेतात तशा. मग त्यांना काही वाचायची गरज उरली नाही. जहाज येण्याआधीच त्या म्हणत होत्या. हसणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. माझं लक्ष रिमोटमध्ये होतं. मी अजून कळ हलवून बघत होतो.

"दादा," आई मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. आसंच बरं हाय."

सेल संपले. जहाज मधोमध थांबलं आणि लांब काठीने ओढून आणावं लागलं. मी शेवटचा आलो. त्या निकालाबद्दल माझी आजही तक्रार नाही.

जहाज अर्थातच खाली ताईंकडे गेलं. पुढे बरीच वर्षं ते ताईंच्या हॉलमध्ये, त्या तीन तसबिरींच्या खाली कपाटावर होतं. लोक जहाज ठेवतात ते नाक समोर करून. यांच्याकडे ते नाक भिंतीला आणि पाठ खोलीकडे करून ठेवलेलं असायचं. नवखा पाहुणा म्हणायचाच, "उलटं ठेवलंय का?" ताई म्हणायच्या, "वाचा आधी." आईंची साखर आटोक्यात आली, ऑपरेशन झालं, डोळा चांगला लागला, आणि दिसायला लागल्यावर पहिल्यांदा त्यांनी काय केलं म्हणाल, तर मला बोलावून आडनावातल्या जोडाक्षराचा रंग एका जागी उडालाय तो दाखवला. मी तो भरून दिला. त्या गेल्या त्याला आता पुष्कळ दिवस झाले.

मागच्या वर्षी आमची सोसायटी पाडायला काढली. तिच्या जागी लिफ्टवाली उंच इमारत होणार आहे, तरणतलावासकट. गच्चीवरची ती टाकीही गेली. सामान बांधायच्या दिवशी मी ताईंना मदत करायला खाली गेलो. टेम्पोत सगळं चढलं. जहाज मात्र ताईंनी कुणाला उचलू दिलं नाही. रिक्षात बसल्या आणि ते मांडीवर घेतलं, पाठ बाहेरच्या बाजूला. आतले सेल केव्हाचे गंजले होते, मागचा पंखा तुटला होता, आणि माझी ती बुकशेल्फची फळी थोडी वाकली होती. अक्षरं तेवढी जागच्या जागी होती.

मला अगदी भरून आलं. आणि भरून आलं की मी वचन देतो.

"ताई," मी रिक्षाच्या दांडीला धरून म्हणालो, "नव्या इमारतीत आलो ना, की मी तुम्हाला दुसरं करून देतो. चांगलं. सरळ चालणारं."

ताईंनी जहाज मांडीवर नीट सारखं केलं.

"आडनाव आहे याच्यावर, तेवढं पुरे," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातचं दुसरं जहाज ठेवायला आमच्याकडे जागा नाही."